करंटचा पलंग

बायकोला अर्धांगवायू झाला तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकोणतीस वर्षं मी एसटी चालवली, त्यातली बरीचशी भोकर, नांदेड, लातूर याच पट्ट्यात. ती भोकरमध्येच अंगणवाडीची बाई होती. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. त्यातली काही आता मिशीवाली झाली होती, तरी रस्त्यात दिसली की तिला बाई म्हणायची आणि मला बाईंचे मालक.

तिची उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. दिवसभर पन्नास पोरांना गाणी म्हणून दाखवणाऱ्या बाईकडं तीन शब्द उरले. हाव म्हणजे हो, न्हाई आणि अहो. बाकी सगळं ती डाव्या हातानं बोलायची. अंगठा ओठाला लावला की पाणी. तळवा आडवा धरला की पुरे. दोन बोटं खिडकीकडं केली की पडदा सारा. सुरुवातीला मला काही कळायचं न्हाई आणि ती चिडून हात गादीवर आपटायची. दोन महिन्यांनी मात्र असं झालं, की ती हात उचलायच्या आधीच मी उठलेला असायचो.

आम्हाला एकच मुलगी. ती लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, नवरा आणि ती दोघंही तिथंच. आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती आठ दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी आईला लातूरला घेऊन जाते. तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

"का न्हाई जमायचं? उभ्या जन्मात एका पॅसेंजरला खरचटू दिलं न्हाई मी."

"बस वेगळी, आई वेगळी. तुमची पाठ तरी धड आहे का?"

पाठ धड नव्हतीच. ड्रायव्हरची कुणाची असते? ठेंगण्या दिवाणावरून तिला उचलताना माझ्या कमरेत कळ यायची आणि मी तसाच वाकलेला राहायचो. हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी बायकोजवळ बसलो होतो. तिनं डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि मुलीकडं बघून म्हणाली, "न्हाई."

मुलीनं ते सोडून दिलं. मग तिनंच नांदेडला फोन करून भाड्यानं करंटचा, बटणावर वर-खाली होणारा पलंग ठरवला. जाताना म्हणाली, "बघू कसं होतं ते. पण काही झालं, तर मग मी तुम्हा दोघांचंही ऐकणार नाही. घेऊन जाईन."

पलंग टेम्पोतून आला. दवाखान्याचं सामान भाड्यानं देणारे एक साठीचे मुसलमान गृहस्थ स्वतः बरोबर आले होते. मी त्यांना चाचा म्हणालो, ते मला ड्रायव्हरसाहेब म्हणाले. पलंग जोडून झाल्यावर त्यांनी वायरीला लटकलेला रिमोट हातात घेतला आणि मला म्हणाले, "आधी तुम्ही झोपा."

"मी कशाला?"

"झोपा तर खरं. ज्याला बटण दाबायचंय त्यानं एकदा झोपून बघावं."

मी झोपलो. त्यांनी पाठीचा भाग वर केला तसा मी आख्खाच्या आख्खा पायांकडं घसरत गेलो. शर्ट पाठीवर गोळा झाला, कातडी ओढली गेली. "कळलं?" ते म्हणाले. "तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही सरकले. बाईंना सरकता यायचं न्हाई. रोज असं घासत गेलं की पाठीला जखम. म्हणून पहिले गुडघे थोडे वर, मग पाठ." मग त्यांनी आपलं मधलं बोट दाखवलं. त्याचं नख काळं पडून वाकडं झालं होतं. ते कठड्याच्या आणि पलंगाच्या पाठीच्या मधी सापडलं होतं. "बटण दाबायच्या आधी हात कुठंय, पाय कुठंय, नळी कुठंय ते बघा. मशीनला माणूस कळत न्हाई."

ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. काम झालं की पलंग पार खाली आणायचा, वर ठेवून बाजूला जायचं न्हाई. कठडा लावला की हलवून बघायचा, खटका बसला का. रिमोट बाईंच्या हाताला लागेल असा ठेवायचा न्हाई. लाइट गेली तर पायाकडं हँडल आहे, ते फिरवून पाठ खाली घ्यायची. आणि चारी चाकांना लाल पायटे होते, ते टाचेनं खाली दाबले की चाक जाम. "हे कधी सोडू नका," ते म्हणाले. "सोडले तर सरकवून झाल्याबरोबर परत दाबा. चारीच्या चारी."

मला थोडं हसू आलं. ब्रेक कसा लावायचा हे मला शिकवून राहिले, असं मनात आलं.

पलंगानं खरंच सोय झाली. सकाळी गुडघे वर, पाठ वर, आणि ती बसल्यासारखी होऊन चहा प्यायची. चमच्यानं पाजायला लागायचा, पण खिडकीतून रस्ता दिसायचा तिला. शाळेत जाणारी पोरं खिडकीशी थांबून "बाई" म्हणून हाक मारायची, मग ती डावा हात वर करायची. एकदा, पहिल्याच महिन्यात, मी आंघोळीला गेलो असताना तिनं डावा पाय कठड्यावर टाकला होता. उतरायचं होतं तिला. मी वेळेवर आलो. फोनवर मी ते मुलीला सांगून बसलो, आणि मुलगी तिच्यावर रागावली. आई ऐकत राहिली. त्यानंतर तिनं तसं कधी केलं न्हाई.

चौथ्या महिन्यात, उन्हाळा लागला होता, सकाळपासून लाइट नव्हती. पलंगाची पाठ अर्धी वर होती, ती मी हँडलनं खाली घेतली. दुपारी दोनच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं. पडदा लावला की वारा बंद, आणि पंखा तर बंदच. म्हणून मी चारी चाकं सोडली आणि पलंग हातभर आत सावलीत ओढला.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरायला लागला. तिची चादर घामानं आणि लघवीनं ओली झाली होती, केव्हाची बदलायची राहिली होती. लाइट परत जायच्या आत उरकून घ्यावं म्हणून मी रिमोट घेतला आणि आख्खा पलंग माझ्या कमरेइतका वर घेतला, म्हणजे मला वाकायला नको.

चाकांची आठवण मला झालीच न्हाई. एकोणतीस वर्षांत हँडब्रेक ओढल्याशिवाय मी सीटवरून खाली पाय ठेवला नव्हता, अगदी डेपोत, सपाट जमिनीवरसुद्धा. पण तो हाताला लागलेला ब्रेक होता. हा टाचेचा होता.

माझ्या बाजूचा कठडा मी खाली केला. तिला पलीकडं वळवून अर्धी चादर काढली, नवी सारली. मग तिला माझ्याकडं वळवायला घेतलं. तिचा सगळा भार माझ्याकडं येत होता, म्हणून मी मांड्या पलंगाला टेकवून जोर लावला, आणि पलंग मागं गेला. फरशीवर नुसता गेला, आवाजसुद्धा केला न्हाई. माझ्या आणि पलंगाच्या मधी जागा झाली आणि त्या जागेतून ती खाली आली. माझ्या हातात तिच्या गाऊनची बाही आली, तेवढीच.

ती उजव्या बाजूवर पडली. ती बाजू मेलेली म्हणतात, पण दुखायचं ते दुखतंच. तिच्या तोंडून जो आवाज आला तो त्या तीन शब्दांतला नव्हता.

शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. नांदेडला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी मुलगी लातूरहून थेट दवाखान्यात आली. सहा खाटांचा वॉर्ड होता, आजूबाजूला लोकांचे नातेवाईक डबे उघडून बसलेले. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मी तोंड उघडायच्या आत आईलाच विचारलं, "उतरायला गेलीस ना परत?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं न्हाई. ती मुलीकडं बघून म्हणाली, "हाव."

मुलीचा धीर सुटला. "किती वेळा सांगितलं होतं, आई? तुला कळत कसं नाही? बाबांची अवस्था बघितलीस का?" ती मोठ्यानं बोलत होती, सगळा वॉर्ड ऐकत होता. रडतही होती. माझी बायको ऐकून घेत पडून राहिली. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांना समजावणारी बाई, तिला तिची पोर रागावत होती, आणि जी चूक तिनं केलीच नव्हती तिच्यासाठी.

मी तिथंच उभा होतो. सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण मला मुलीचं ते बोलणं आठवत होतं, काही झालं तर घेऊन जाईन. बायको ते हाव का म्हणाली ते मला तेव्हाच कळलं होतं. चूक माझी निघाली असती तर मुलीनं तिला माझ्याजवळ ठेवलीच नसती. तिला लातूरला जायचं नव्हतं. तिला माझ्याजवळ राहायचं होतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प राहिलो. ते खरंही होतं. पण मी गप्प राहिलो ते एवढ्यासाठीच न्हाई. मला लाजही वाटली होती.

मुलीनं डॉक्टरांनाही तेच सांगितलं, डॉक्टरांनी ते फाइलीत लिहिलं. पेशंट स्वतः उतरायला जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन परत आलो तर सिस्टरनं तिचा डावा हात पट्टीच्या कापडानं कठड्याला बांधला होता. मुलगी तेव्हा औषधं आणायला बाहेर गेली होती.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"फाइलीत लिहिलंय ना बाबा, उठायला जातात म्हणून. रात्री परत पडल्या तर कोण जबाबदार? सैल बांधलंय, लागणार नाही."

खरंच सैल होतं. मनगटाखाली कापसाची घडीही ठेवली होती. वाईट मनानं केलेलं न्हाई, हे मला दिसत होतं. पण तो हात म्हणजे तिचं तोंड होतं. अंगठा ओठापर्यंत जात नव्हता, तळवा आडवा होत नव्हता. तिनं दोन-तीनदा हात ओढून बघितला, मग सोडून दिला. "अहो," म्हणाली. मी जवळ गेलो. पुढं काय म्हणायचं होतं ते तिला सांगता आलं न्हाई, आणि मला कळलं न्हाई.

संध्याकाळी मी मुलीला नांदेडातल्याच माझ्या बहिणीकडं झोपायला पाठवलं, तिला काही न सांगता. तिनं पांघरूण बघितलं, त्याखालचा बांधलेला हात बघितला न्हाई.

मी दर थोड्या वेळानं विचारत राहिलो, पाणी पाहिजे का, उजेड लागतो का. ती हाव किंवा न्हाई म्हणायची. कधी कधी काहीच म्हणायची न्हाई. सकाळी सिस्टर बदलली. नवीन सिस्टर वयानं मोठी होती, जाड चष्म्याची. ती बीपी बघायला आली तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, हिचा हात सोडा. ही उतरायला गेली नव्हती."

"मग?"

"मी पाडलं तिला. चाकाचा लॉक लावला नव्हता मी. चादर बदलून राहिलो होतो."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मग वाकून गाठ सोडली. "हे काल का नाही बोललात?" ती म्हणाली. आवाज चढवला न्हाई तिनं. आणि पुढच्या खाटेकडं गेली.

बायकोनं मोकळा झालेला हात थोडा वेळ तसाच पोटावर ठेवला. मग तळवा आडवा धरून माझ्यापुढं हलवला. पुरे. मी रडत होतो, ते पुरे असं असेल. की जे बोललो ते आता इथंच पुरे, दाराबाहेर पोरीपर्यंत जायला नको, असं असेल. मी दुसरा अर्थ धरला. मला तो सोयीचा होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले लांबचा प्रवास नको, म्हणून मुलीनं लातूरचं तेव्हा सोडून दिलं. घरी आणल्यावर मी कुणी सांगायच्या आधी चारी पायटे दाबायचो, मग परत दाबलेत का ते वाकून बघायचो. चादर बदलायला शेजारच्या वहिनींना बोलवायचो, एकजण या बाजूला, एकजण त्या बाजूला. पलंग पार खाली असायचा. जे करायचं ते सगळं करत होतो. पण तिची छाती भरायला लागली होती. एवढ्या मोठ्या हाडानंतर माणूस पडून राहिला की असं होतं, डॉक्टर म्हणाले. कफ सुटत नव्हता. दोनदा नांदेडला नेलं, दोनदा आणलं. सहाव्या आठवड्यात, सकाळी, मी तिचे गुडघे वर केले, मग हळूहळू पाठ वर केली, आणि चहाचा चमचा ओठाला लावला तर चहा बाहेर आला. मी परत लावला. मग चमचा खाली ठेवला, आणि पाठ जशी वर केली होती तशीच हळूहळू खाली घेतली.

चौदावा झाल्यावर चाचा पलंग न्यायला आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, थोडा वेळ बसले, पाणी घेतलं. "बाईंना काही तकलीफ तर न्हाई ना झाली पलंगाची?" त्यांनी विचारलं. भाड्यानं दिलेल्या वस्तूबद्दल ते सगळीकडं विचारत असणार. मी म्हणालो, "न्हाई. लई चांगला पलंग."

मुलीला मी काहीच बोललो न्हाई. ती रोज फोन करायची आणि रोज एकदा तरी म्हणायची, "आईनं ऐकलं असतं तर." मी हां म्हणायचो. ते हां माझ्या तोंडातून निघायचं तेव्हा मला वॉर्डातली ती बांधलेली मूठ दिसायची.

तीन महिन्यांनी आमच्या पलीकडच्या आळीत एका मास्तरांच्या वडिलांसाठी तसाच पलंग आला. ज्यांनी आणला ते घाईत निघून गेले होते. मास्तर माझ्याकडं आले. "काका, तुमच्याकडं होता ना? जरा दाखवा की, आम्हाला तर बटणाला हात लावायचीच भीती वाटून राहिली."

मी गेलो. म्हातारबुवा खुर्चीत बसून होते, घरातली सगळी पलंगाभोवती. मी मास्तरांना म्हणालो, आधी तुम्ही झोपा. त्यांना गुडघे आणि पाठ दाखवली, कठड्याचा खटका दाखवला. मग खाली बसून लाल पायटे दाखवले, आणि ते दाबायला म्हणून हात ठेवला तर हात काही उचलेना. मास्तरांच्या बायकोनं विचारलं, "काय झालं काका?"

"माझी बायको याच्यामुळं गेली," मी म्हणालो. "तिनं काही केलं न्हाई. मी हे दाबायला विसरलो होतो."

मग म्हातारबुवा खुर्चीतून सुनेला म्हणाले, "काकांना पाणी दे." मी पाणी प्यायलो आणि चारी चाकं त्यांच्याकडून दोन-दोनदा लावून घेतली. घरी येताना वाटेतच ठरवलं, की परक्याच्या घरात जे बोललो ते आधी कुठं बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लातूरला गेलो. मुलगी दुपारी दोन क्लासच्या मधल्या वेळात घरी आली होती. तिनं ताट वाढलं. मी जेवायच्या आधीच सांगितलं. लाइट, ऊन, चादर, चाकं, सगळं. तिनं मधी एकदाही तोडलं न्हाई. संपल्यावर म्हणाली, "मी तिला रागावले, बाबा. सगळ्या लोकांसमोर."

"हाव."

"आणि तुम्ही तिथंच उभे होतात."

"हाव."

मग मी तिला हाताचंही सांगितलं. ते तिला ठाऊकच नव्हतं. ती उठली, बेसिनपाशी गेली, नळ सोडून उभी राहिली. मग तिनं घड्याळ बघितलं, पर्स घेतली आणि क्लासला गेली. पोरं बसलेली असणार तिकडं. ताट तसंच राहिलं.

मी स्टँडवर जावं का, असं दोनदा मनात आलं. गेलो न्हाई. पळून आल्यासारखं झालं असतं ते. संध्याकाळी ती आली, भाकरी केल्या, मला वाढल्या. जावयांशी ती बोलत होती, माझ्याशी बोलली न्हाई. सकाळी स्कूटीवर मला स्टँडवर सोडलं. गाडी लागलेली होती. मी चढताना ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." मी केला. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

त्यानंतर महिनाभर तिचा फोन न्हाई. मी करायचो, जावई उचलायचे, ती कामात आहे म्हणायचे. जावई भला माणूस आहे, पण खोटं बोलता येत न्हाई त्यांना. मी समजायचो. मग एका रविवारी तिचाच आला. बीपीच्या गोळ्या घेताय का, विचारलं. घेतो म्हणालो. दर रविवारी यायला लागला. गोळ्या, जेवण, पाठ. आईचं नाव न्हाई.

मागच्या महिन्यात गोळ्यांचं विचारून झाल्यावर ती ठेवेना. तिकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"किती वेळ बांधला होता हात?" तिनं विचारलं.

"दुपारपासून. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडला."

"तिनं पाणी मागितलं असेल तर?"

"मी विचारत होतो तिला. सारखं विचारत होतो."

"विचारणं वेगळं, बाबा," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "ठेवते."

पुढच्या रविवारी फोन येतो की न्हाई, असं वाटलं मला. आला. गोळ्या घेताय का, तिनं विचारलं, आणि मी म्हणालो, घेतो.